रविवार कोणाच्या हिशेबात?

पहिले मूल चालायला लागले की आमच्याकडच्या घरांतून काही वस्तू हळूहळू माळ्यावर चढतात. आधी सॅक जाते, मग दोर, मग पावसाळी बूट, आणि शेवटी सायकलही भिंतीला टेकून कपडे वाळत घालायच्या कामी येते. कोणी हुकूम देऊन त्या चढवलेल्या नसतात. 'आता पुरे की, पोरेबाळे झाली' असे घरातली वडीलधारी माणसे एकदा-दोनदा म्हणतात, कचेरीतले सहकारी हसत हसत म्हणतात, आणि नंतर माणूस स्वतःच स्वतःला तसे म्हणू लागतो. संसार आणि साहस या एका म्यानात न मावणाऱ्या दोन तलवारी आहेत, हे आपण फारसे न तपासता मान्य करून टाकले आहे. ते तपासायला हवे, कारण हा प्रश्न आता केवळ घरगुती उरलेला नाही. गोव्यात तर तो दर पावसाळ्यात सरकारच्या दारात जाऊन उभा राहतो.

जुलै २०२३ मध्ये नेत्रावळी अभयारण्यातल्या मैनापी धबधब्यावर दोघे बुडाले आणि अभयारण्यांतल्या धबधब्यांवर जाण्यास वनखात्याने बंदी घातली. त्याच महिन्यात दूधसागर पाहण्यासाठी रुळांवरून चालत निघालेल्या लोकांना अडवून त्यांच्यापैकी काहींना उठाबशा काढायला लावल्याची चित्रफीत देशभर फिरली. जानेवारी २०२५ मध्ये पेडण्यातल्या केरीच्या पठारावर पॅराग्लायडिंग करताना पुण्याहून आलेली एक तरुणी आणि तिचा प्रशिक्षक असे दोघे जिवाला मुकले आणि तो व्यवसाय बेकायदा चालत असल्याचे पोलिसांनी सांगितले. अशा प्रत्येक घटनेनंतर 'हे सगळे बंद करा' असा सूर उमटतो, आणि त्याच संध्याकाळी कितीतरी घरांत ते वर्तमानपत्र पुरावा म्हणून जेवणाच्या टेबलावर ठेवले जाते. डोंगरात जाणाऱ्याचा नवरा, बायको किंवा आई तेव्हा काही बोलत नाही. बातमीची घडी फक्त वरच्या बाजूला केलेली असते.

माझे म्हणणे असे आहे की या वादात आपण जोखीम या एकाच शब्दाभोवती घुटमळत राहतो. ज्या दोन गोष्टींवर घर खरोखर कुरकुरते किंवा निभावून नेते, त्या म्हणजे वेळ आणि संमती, आणि त्यांचा हिशेब कोणी मांडत नाही. घरात तो मांडला जात नाही म्हणून साहस चोरटे होते किंवा माळ्यावर जाते. आणि सरकार तो मांडत नाही म्हणून त्याच्या हाती बंदीखेरीज दुसरे साधन उरत नाही.

गोव्यापुरते बोलायचे तर हा संघर्ष मुळात इतका तीव्र असण्याचे कारणच नाही. मुंबईतल्या माणसाला सह्याद्रीत जायचे तर शनिवारची रात्र आणि अख्खा रविवार द्यावा लागतो. आम्हाला ३,७०२ चौरस किलोमीटरच्या राज्यात सहा अभयारण्ये, एक राष्ट्रीय उद्यान आणि सुमारे १०५ किलोमीटरचा किनारा मिळालेला आहे. डिचोलीहून सकाळी सहाला निघालेला माणूस सातच्या आत सत्तरीच्या डोंगराच्या पायथ्याशी असतो आणि मनात आणले तर बाराला घरी येऊन हुमण-भात जेवू शकतो. तरीही गोव्यातली संसारी माणसे या रानात आणि पाण्यात फारशी दिसत नाहीत. म्हादईवर उस्ते गावाजवळून २०१२ पासून पावसाळ्यात राफ्टिंग होते, पण तिथे गेलो तेव्हा तराफ्यात बसणाऱ्यांत मला बेंगळुरू आणि पुणे जास्त भेटले, शेजारचे वाळपई कमी. अंतर, वेळ आणि निसर्ग हे तिन्ही अनुकूल असताना आपण जात नसू, तर अडसर दुसरीकडे कुठेतरी असला पाहिजे.

आधी जोखमीचेच घेऊ, कारण तो आक्षेप पहिला येतो आणि मोठ्या आवाजात येतो. नारळ काढणारा पाडेली माडावर चढतो तेव्हा त्याच्या पायाखाली पन्नास-साठ फूट मोकळी हवा असते. माडाची सूर काढणारा रेंदेर तर रोज, तेही दिवसातून एकापेक्षा जास्त वेळा, कमरेला कोयती लटकावून चढतो. पावसाळ्यातली मासेमारीबंदी उठली की उसळत्या समुद्रात होड्या लोटल्या जातात. यांतल्या कोणालाही 'घरी लहान मुले आहेत, कशाला चढतोस' असे कोणी विचारत नाही, कारण घरी लहान मुले आहेत म्हणूनच तो चढतो. म्हणजे आपला आक्षेप धोक्याला नाही. तो आनंदासाठी पत्करलेल्या धोक्याला आहे. पोटासाठी केलेले ते धाडस आणि मनासाठी केलेला तो माज, अशी आपली सरळ विभागणी आहे. ही विभागणी अगदीच निराधार आहे असे मी म्हणणार नाही. भूक टाळता येत नाही, डोंगर टाळता येतो. पण मग मोटारसायकलवरून हेल्मेट न घालता, पुढे टाकीवर एक आणि मागे दोन मुले बसवून जत्रेला जाणारा बाप ज्या समाजाला बेजबाबदार वाटत नाही, त्याने दोर बांधून कातळ चढणाऱ्या बापाला बेजबाबदार ठरवताना निदान थोडे थांबावे.

शिवाय आनंदासाठी अंगावर घेतलेला धोका आपल्याला परका आहे, हेही खरे नाही. २४ जूनला सांजांवाच्या, म्हणजे सेंट जॉनच्या सणाच्या दिवशी डोक्यावर पानाफुलांचे कोपेल घालून भर पावसात जावई विहिरींत उड्या घेतात. माशेलला आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी देवकीकृष्णाच्या देवळासमोर चिखलकालो होतो. त्या चिखलात बाप्ये आणि पोरे एकमेकांना लोळवतात, पडतात, खरचटून घेतात. या दोन्ही ठिकाणी एक गोष्ट माझ्या नजरेत भरते, ती म्हणजे कडेने उभी असलेली माणसे. विहिरीच्या काठावर सासुरवाडी असते. चिखलाच्या भोवती आया आणि आज्या असतात. कोण उतरला, कोण अजून वर आला नाही, हे सर्वांना ठाऊक असते. तारीख ठरलेली असते, जागा ठरलेली असते, पाणी किती आहे हे म्हाताऱ्यांना माहीत असते. जुन्या गोव्याने धोक्याला घराच्या पंचांगात जागा दिली होती. आजचा साहसवीर मात्र घरी 'जरा जाऊन येतो' एवढेच सांगून निघतो, आणि कुठे गेला आहे ते घराला त्याने परतल्यावर टाकलेल्या फोटोंवरून कळते.

हे मी दुसऱ्याकडे बोट दाखवून लिहीत नाही. जवळजवळ दहा वर्षे मी हेच केले. आमच्या स्वयंपाकघरात कालनिर्णय टांगलेले असते आणि महाराष्ट्र-गोव्यातल्या बहुतेक घरांप्रमाणे त्यावर दुधाचा, गॅसचा आणि कामवाल्या बाईच्या खाड्यांचा हिशेब लिहिलेला असतो. मी ज्या रविवारी सायकलवर किंवा सत्तरीत जाणार असे, त्या रविवारी पेनाने एक छोटे वर्तुळ करून ठेवत असे, म्हणजे त्या दिवशी घरात दुसरे काही ठरू नये. ही माझ्या मते मोठी समजूतदार पद्धत होती. एका डिसेंबरात जुने कालनिर्णय काढून टाकताना बायकोने ती वर्तुळे मोजली. ३१ निघाली. मग तिने स्वतःच्या नावावरचे, म्हणजे ती घरातून एकटी बाहेर पडली असे रविवार आठवून मोजले. ते तीन निघाले. त्यांतली दोन लग्ने आणि एक बारसे.

ती भांडली नाही. तिने एवढेच सांगितले की जानेवारीपासून शनिवारी सकाळी तिला समुद्रात पोहायला जायचे आहे; पणजीतल्या कांपालच्या जलतरण तलावात ती आधीच शिकली होती. यावर माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो 'मुलांचे काय' हा. दहा वर्षांत स्वतःच्या बाबतीत मी तो एकदाही विचारलेला नव्हता, आणि आजही तो वाक्यरचनेसह आठवतो.

म्हणून वेळेचा मुद्दा मला जोखमीपेक्षा वरचा वाटतो. धोका हा वर्षातून एखाद्या वेळी डोके वर काढतो. वेळ मात्र दर आठवड्याला खर्च होतो आणि तो कोणाच्या तरी खात्यातून वजा होतो. २०१९ मध्ये पणजीत मिरामारला पहिल्यांदा आयर्नमॅन ७०.३ ही स्पर्धा झाली. १.९ किलोमीटर पोहणे, ९० किलोमीटर सायकल आणि २१.१ किलोमीटर धावणे, असे सगळे मिळून ११३ किलोमीटर, आणि तेही साडेआठ तासांच्या आत. तिच्यामुळे गोव्यात कितीतरी चाळिशीच्या लोकांनी पोहायला आणि धावायला सुरुवात केली, ही चांगलीच गोष्ट आहे. परंतु अशा स्पर्धेसाठी काही महिने, आठवड्याला आठ-दहा तास सराव करावा लागतो, आणि संसारी माणसाला हे तास आकाशातून मिळत नाहीत. मुलांचे डबे भरणारे, म्हाताऱ्या वडिलांना दवाखान्यात नेणारे आणि रविवारी दुपारपर्यंत पाहुण्यांशी बोलत बसणारे दुसरे कोणीतरी असते. स्पर्धेच्या शेवटच्या रेषेवर नवऱ्याच्या नावाची पाटी धरून उभ्या असलेल्या स्त्रीच्या गळ्यात पदक पडत नाही. माझी याला हरकत नाही. हरकत आहे ती त्या तासांना 'घरच्यांचा पाठिंबा' असे मोघम नाव देऊन विषय मिटवण्याला. पाठिंबा मोजता येतो. तो तासांत मोजावा आणि तासांतच परत करावा.

घराला ही व्यवस्था जमतच नाही, असेही नाही. १० सप्टेंबर २०१७ रोजी पणजीच्या आयएनएस मांडवी या नौदल तळावरून तारिणी ही शिडाची नौका सहा महिला नौदल अधिकाऱ्यांना घेऊन पृथ्वीप्रदक्षिणेला निघाली. ही नौका आमच्या दिवाडी बेटावरच्या गोदीत बांधलेली, लांबी अवघी सतरा मीटर. वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली २५४ दिवसांनी, २१ मे २०१८ ला, त्या पणजीला परतल्या. त्यानंतर दिलना के. आणि रूपा ए. या दोघींनीच ऑक्टोबर २०२४ ते मे २०२५ या काळात गोव्याहून निघून गोव्यालाच परतत तोच प्रवास पुन्हा केला. या काळात या अधिकाऱ्यांच्या घरचे काय झाले, असे कोणी अग्रलेखातून विचारल्याचे माझ्या वाचनात नाही. नौदलाने त्याला कर्तव्य म्हटले, आणि कर्तव्य म्हटल्याबरोबर रजा, पगार, प्रशिक्षण, घरच्यांना नियमित निरोप हे सगळे आपोआप उभे राहिले. तीच स्त्री शनिवारी सकाळी दोन तास करंजाळ्याच्या किनाऱ्यावर पोहायला निघाली तर तो छंद ठरतो, आणि छंदासाठी घरात कोणी डबा भरायला उठत नाही. याचा अर्थ एवढाच, की व्यवस्था अशक्य नसते. ती करण्याइतके आपण त्या गोष्टीला मानत नाही.

आणि स्त्रीच्या बाबतीत आपण मोजमापच वेगळे लावतो. अ‍ॅलिसन हारग्रीव्ह्ज या ब्रिटिश गिर्यारोहक स्त्रीने १३ मे १९९५ रोजी कृत्रिम प्राणवायू न वापरता आणि शेर्पांची मदत न घेता एव्हरेस्ट सर केले, आणि बरोबर तीन महिन्यांनी, १३ ऑगस्टला, के-२ वरून उतरताना वादळात तिचा अंत झाला. तिची मुले तेव्हा सहा आणि चार वर्षांची होती. तिकडच्या वर्तमानपत्रांनी तिला स्वार्थी आई ठरवले. त्याच वादळात, त्याच डोंगरावर सहा पुरुषही गेले. त्यांच्या पितृत्वाची चर्चा झाली नाही. आपल्याकडे हे मोजमाप सौम्य शब्दांत लावले जाते, एवढाच फरक. प्रेमलता अग्रवाल यांनी २०११ मध्ये, वयाच्या ४८ व्या वर्षी, एव्हरेस्ट चढले. त्या दोन मुलींच्या आई होत्या, जमशेदपूरला बचेंद्री पाल यांच्या मार्गदर्शनाखाली डोंगराकडे वळल्या होत्या, आणि पुढे सातही खंडांतली सर्वोच्च शिखरे सर करणाऱ्या पहिल्या भारतीय महिला ठरल्या. त्यांच्यावरच्या लेखांत 'घरसंसार सांभाळून' हे दोन शब्द ठरल्याप्रमाणे येतात. ते कौतुकानेच लिहिलेले असतात. पण कुठल्याही पुरुष गिर्यारोहकाबद्दल ते कधी लिहिले जातात का, हे वाचकांनी एकदा आठवून पाहावे.

इथपर्यंत वाचणारा समंजस विरोधक म्हणेल की वेळेची वाटणी ठीक आहे, नवरा-बायको दोघेही सज्ञान आहेत, ती ते आपापसांत करतील. पण मुलाचे काय? त्याला कोणी विचारले? हा आक्षेप मला सर्वांत जड वाटतो आणि मी तो झटकून टाकणार नाही. हारग्रीव्ह्जचा मुलगा टॉम बॅलर्ड पुढे स्वतः गिर्यारोहक झाला आणि २०१९ मध्ये, तीस वर्षांचा असताना, नंगा पर्वतावर गेला. या घटनेतून कोणी आनुवंशिक शापाची गोष्ट रचू शकेल आणि कोणी मुक्त जगण्याचे स्तोत्रही. मला दोन्ही नको आहेत. मला त्यातून इतकेच दिसते की आठ हजार मीटरच्या डोंगरावर कौशल्य कितीही असले तरी हिमप्रपात आणि वादळ यांच्यावर त्याचा अंमल चालत नाही. ज्या धोक्यावर माझा अंमल नाही, तो मूल लहान असताना मी घेऊ नये, हे मला मान्य आहे. परंतु संसारी माणसाच्या साहसाचा बहुतांश भाग त्या उंचीवर घडतच नाही. तो वाघेरी डोंगराच्या चढावर, चोर्ल्याच्या घाटात सायकलवर, मांडवीच्या खाडीत कायाकमध्ये घडतो, आणि तिथले बहुतेक अपघात पाण्याचा अंदाज न घेतल्याने, दारू पिऊन उतरल्याने, पोहता येत नसताना उडी घेतल्याने किंवा परतायच्या वेळी न परतल्याने होतात. या कारणांवर माणसाचा अंमल चालतो. म्हणून 'मुले आहेत, जाऊ नको' यापेक्षा 'मुले आहेत, अमुक वेळेला मागे फिर' हे वाक्य घरात जास्त उपयोगाचे आहे.

माझ्या बायकोने पहिल्यांदा करंजाळ्याहून समुद्रात लांब पोहायचे ठरवले, तेव्हा तिने चाळीस मिनिटांत परत येते असे सांगितले होते. तिला पंचावन्न मिनिटे लागली. ओहोटीने ती थोडी बाजूला सरकली होती, बरोबर दोन जाणकार पोहणारे होते, काळजीचे काहीच नव्हते, हे सगळे नंतर कळले. मी किनाऱ्यावर दोन टॉवेल धरून उभा होतो, धाकटी शिंपले गोळा करत होती, आणि चाळिसाव्या मिनिटानंतर पाण्यावर दिसणारे प्रत्येक काळे ठिपके मला तिचे डोके वाटत होते. तिने पाण्यातून बाहेर येऊन 'किती वाजले' असे विचारले तेव्हा मला आधी राग आला आणि मग माझे ते ३१ रविवार आठवले. त्या दिवसांत मी जे 'दुपारपर्यंत येतो' म्हणत असे, ती दुपार कधी बाराला होई, कधी साडेतीनला. आता कालनिर्णयावर वर्तुळ नसते. जाणाऱ्याचे नाव, जागा, बरोबर कोण आणि परतायची वेळ लिहिलेली असते. ती वेळ उलटल्यावर अर्ध्या तासाने कोणाला फोन करायचा, हेही लिहिलेले असते. संमती म्हणजे मान डोलावणे नव्हे. थांबणाऱ्याला काय माहीत असले पाहिजे ते त्याला आधी देणे, असा माझा आता समज आहे.

या हिशेबात पैशाची बाजूही येते, आणि तिच्याविषयी घरोघरी चुकीच्या समजुती आहेत. साहसी खेळात जखमी झालो तर विमा मिळतच नाही, असे बहुतेकांना वाटते. आरोग्य विम्यासाठी विमा नियामकाने जे अपवाद प्रमाणित केले आहेत, त्यांत साहसी खेळांचा अपवाद आहे. पण तो व्यावसायिक म्हणून भाग घेणाऱ्याला लागू होतो, हौशी माणसाला नाही. अपघात विम्याच्या आणि आयुर्विम्याच्या अटी मात्र कंपनीगणिक निराळ्या असू शकतात. तेव्हा नवे बूट घेण्याआधी पॉलिसीचे ते पान वाचावे. हे वाक्य रोमांचक नाही, याची मला कल्पना आहे.

मुलांना बरोबर न्यावे का, हा पुढचा प्रश्न. न्यावे, पण आपल्या साहसावर त्यांना लादून नव्हे. चोडणच्या सालिम अली पक्षी अभयारण्यात होडीतून खारफुटीत शिरणे हे सात वर्षांच्या मुलासाठी पुरेसे साहस आहे. त्याला त्यात मगर दिसली तर महिनाभर पुरते. दहा वर्षांखालच्या मुलांना समुद्रातल्या स्कूबा डायव्हिंगसाठी प्रमुख प्रशिक्षण संस्था घेत नाहीत, याला शरीरशास्त्राचा आधार आहे, तरीही 'आमचा लहान आहे पण धीट आहे' असे होडीवाल्याशी हुज्जत घालणारे पालक मी पाहिले आहेत. निसर्गाला धीटपणाशी देणेघेणे नसते. बेळगावहून येणाऱ्या कुटुंबांसाठी आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. डायव्हिंगनंतर विमानात बसण्यापूर्वी एका बुडीनंतर किमान १२ तास आणि अनेक बुड्यांनंतर १८ तास थांबावे, असा दंडक आहे, आणि तो सुमारे ६०० मीटरच्या वर चढून जाण्यालाही लागू धरला जातो. बेळगाव ७५० मीटरच्या आसपास आहे. सकाळी ग्रँड आयलंडला बुडी मारून दुपारी चोर्ला घाटाने घरी निघायचे, हा बेत म्हणूनच एक रात्र पुढे ढकललेला बरा. तसेच सत्तरीचे. तिथे २०१५ पासून माकडतापाचे रुग्ण आढळत आले आहेत. तो गोचिडीतून पसरतो आणि काजूच्या हंगामात, म्हणजे नेमक्या मुलांच्या सुट्टीच्या दिवसांत, त्याचा जोर असतो. काजूच्या बागेत काम करणाऱ्या बाईला हे माहीत असते. मुलांना घेऊन आलेल्या पणजीकराला नसते.

आणि इथे मी सरकारकडे वळतो, कारण माहिती, प्रशिक्षण आणि सुटका या तीन गोष्टी कुठलेही घर एकट्याने उभारू शकत नाही. किनाऱ्यांवर २००८ पासून दृष्टी या कंपनीचे जीवरक्षक आहेत, दूधसागर आणि मये तळे अशा काही ठिकाणीही आहेत, आणि त्यांचे काम डोळ्यांना दिसते. लाल बावटा दिसला की पाण्यात जायचे नाही, हे आता गोव्यातल्या मुलांना कळते. पर्यटकांना अजून कळायचे आहे. पण रानातला धबधबा, नदीचा डोह, बंद पडलेल्या चिरेखाणीत साठलेले पाणी इथे बावटा नाही आणि बावटा लावणाराही नाही. तिथे कोणी बुडाला की अग्निशामक दलाची गाडी येईपर्यंत गावातला एखादा मुलगाच पाण्यात उतरतो, कारण डोह त्याच्या माहितीचा असतो. हा मुलगा गोव्याच्या साहसक्षेत्रातला सर्वांत जाणकार माणूस आहे, आणि त्याच्यापाशी ना दोर आहे, ना प्रमाणपत्र, ना मानधन.

बंदीला माझा सरसकट विरोध नाही. जुलैत मैनापीला पाणी कसे येते हे पाहिलेल्या कोणालाही काही दिवस वाट बंद ठेवणे शहाणपणाचे वाटेल. तक्रार आहे ती बंदी पुरेशी मानण्याबद्दल. परवानगी मागणारा माणूस घरी थांबतो आणि न मागणारा आडवाटेने जातो, म्हणजे सावधगिरी बाळगणाऱ्यालाच शिक्षा होते. त्याऐवजी पाण्याच्या पातळीनुसार वाट उघडावी आणि बंद करावी, गावातल्या प्रशिक्षित वाटाड्याशिवाय सोडू नये, दुपारनंतर कोणाला वर जाऊ देऊ नये, हे काही अवघड शास्त्र नाही. दोना पावलाला केंद्र सरकारची राष्ट्रीय जलक्रीडा संस्था आहे. तिची नवी इमारत फेब्रुवारी २०२४ मध्ये खुली झाली. तिथून जीवरक्षक आणि जलक्रीडा व्यवसायातली माणसे तयार होतात, आणि ते आवश्यकच आहे. परंतु गोव्यात राहणारी शिक्षिका, तिचा नवरा आणि त्यांची दोन मुले यांना खाडीत कायाक कसे वल्हवावे आणि उलटल्यावर काय करावे, हे चार शनिवारांत शिकवणारा वर्ग सरकारच्या डोक्यात येत नाही, कारण सरकारच्या दृष्टीने साहस हा पर्यटनाचा माल आहे आणि गोमंतकीय माणूस हा त्या मालाचा विक्रेता आहे, घेणारा नाही. पर्यटन खाते राफ्टिंगच्या तिकिटावर किती लोक आले हे सांगते. सत्तरीतल्या किती मुलांना पोहता येते हे विचारले तर त्याचे उत्तर कोणते खाते देईल, ते मला अजून उमगलेले नाही.

पोहण्यापुरते तरी हे तातडीने बदलायला हवे. नद्या, खाड्या, तळी आणि विहिरी यांनी भरलेल्या या राज्यात सातवी झालेल्या मुलाला तरंगता येत नसेल, तर धबधब्यांवर पाट्या लावून काय साधणार? दर तालुक्यात मोठा तलाव बांधायलाच हवा असेही नाही. जिथे तलाव नाही तिथे स्वच्छ तळे किंवा बांधीव विहीर निवडून, उन्हाळ्याच्या सुट्टीत, दोन प्रशिक्षित माणसे आणि गावातले चार म्हातारे घेऊन हे करता येईल. म्हातारे अशासाठी, की आमच्याकडे हे शिकवण्याची रीत होतीच. माझी थोरली वयाच्या आठव्या वर्षी आजोळच्या विहिरीत पोहायला शिकली. सासऱ्यांनी दोन सुके, न सोललेले नारळ एकत्र बांधून तिच्या छातीखाली दिले, कमरेला कासरा बांधला आणि स्वतः काठावर बसून राहिले. चौथ्या दिवशी त्यांनी नारळ काढून घेतले. कासरा मात्र मेअखेरपर्यंत तसाच होता, आणि ती वर येईपर्यंत ते तंबाखूलासुद्धा हात लावत नसत.